खडूतली होडी

दिवसभर त्यांच्या हाताखाली काम करायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच डोक्यावर राहायला जायचं, अशी माझी पाच वर्षं गेली. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ते माझे वरिष्ठ होते, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या घराची वरची खोली माझ्याकडे भाड्यानं होती. मी मंद्रूपचा. शहरात ओळख ना पाळख. खोली त्यांनीच देऊ केली आणि पहिल्या दिवशी जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवल्या. सतरा. तुझी उंची बघता सतराव्या पायरीवर चौकट डोक्याला लागणार, असं म्हणाले. त्याच संध्याकाळी ती लागली. कपाळ चोळत मी खाली पाहिलं, तर ते जिन्याच्या तळाशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मी त्यांना काका म्हणायचो. कारखान्यात सगळे त्यांना आटकाका म्हणायचे, अर्थात पाठीमागे. कापड पाण्यात गेलं की आटतं, हे कुणाच्याही आईला ठाऊक असतं. पण किती आटतं, हे मोजायला आमच्याकडे एक वेगळं खातं होतं. खातं म्हणजे एक वॉशिंग मशीन, एक लांब टेबल, काका आणि मी. टॉवेलावर मेणाच्या खडूनं खुणा करायच्या, तो धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. हा खडू कापडावरून काही केल्या जात नसे. काकांचा त्याच्यावर फार जीव होता. त्याचे दोन तुकडे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असत आणि त्यांचे सगळे शर्ट त्या जागी मेणचट पांढरे झालेले होते.

टॉवेल लांबीला जास्त आटतो, रुंदीला फारसा नाही. लांबीला आमच्याकडे उभं म्हणत आणि रुंदीला आडवं. काकांनी मला पहिल्याच आठवड्यात मंत्र दिला, "उभ्यात बघायचं. आडव्यात कोण बघतंय?" हा मंत्र ते टॉवेलापुरता ठेवते तर बरं झालं असतं. नवा मॅनेजर आला, पहिल्या दिवशी फार बोलला. काका म्हणाले, उभ्यात बघ, सहा महिन्यांत आटेल. तो चार महिन्यांत आटला. माझं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलीच्या वडिलांच्या बोलण्यातून किती टक्के वजा करायचे, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. ते लग्न मोडलं. मोडलं ते त्यांच्यामुळे नाही, पण मला त्यांचाच राग आला होता.

त्यांच्या निरोपसमारंभात त्यांना एक चादर दिली. सोलापुरात माणसाला चादर देणं म्हणजे त्याला त्याच्याच विहिरीचं पाणी देण्यातला प्रकार, पण पद्धत आहे. काकांनी ती स्टेजवर उलगडली, खिशातला टेप काढला, लांबी मोजली, आणि माइकवर शांतपणे सांगितलं की पहिल्या धुण्यात ही चार बोटं कमी होणार. लोक हसले. ते हसण्यासाठी बोलले नव्हते. भाषण त्यांनी एवढंच केलं.

पण निवृत्तीच्या आधी जवळजवळ दीड वर्ष त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कारखान्याची सहल उजनीच्या जलाशयावर गेली होती, पक्षी बघायला. आम्ही सगळे पक्षी बघत होतो आणि काका काठाला लागलेली एक जुनी लोखंडी लॉन्च पावलांनी मोजत होते. पूर्वी ती या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची. पुढे तिचं काम सुटलं आणि ती नुसती बांधून ठेवलेली होती. दोन महिन्यांनी काकांनी ती मालकाकडून विकत घेतली. निवृत्त झालो की घर सोडायचं आणि तिच्यावर केबिन बांधून कायमचं पाण्यात राहायला जायचं, असं त्यांनी मला वॉशिंग मशीनच्या आवाजात सांगितलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

कारण विचारलं तर त्यांचं उत्तर तयार होतं. आमच्या भागात नळाला पाच दिवसांआड पाणी येई. ते पहाटे येणार की दुपारी, हे देवालाही माहीत नसे. "पाणी कधी येणार हे विचारण्यात माझी साठ वर्षं गेली," काका म्हणाले. "आता पाण्यानं मला विचारू दे की, तुमी कसं हाय म्हणून."

परवानगीसाठी त्यांनी एक अर्ज केला. तो तीन टेबलांवर फिरला. चौथ्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बोट कुठल्या वॉर्डात येते? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते वाऱ्यावर आहे. बाईंनी अर्जावर 'नोंद घेतली' असं लिहिलं, आणि काकांनी ती परवानगी समजून चौकट करून भिंतीला लावली.

तयारी घरातच सुरू झाली. त्यांच्या घराचा खालचा हॉल लांबलचक होता. पूर्वी तिथं चार माग होते. त्यांचे वडील आणि चुलते त्यावर काम करायचे. माग गेले, पण शहाबादी फरशीत ते ठोकलेल्या बोल्टांची भोकं राहिली होती. एका रविवारी काकांनी गुडघे टेकून त्या फरशीवर मेणाच्या खडूनं होडी काढली. तेवीस फूट उभी, आठ फूट आडवी, पुढं निमुळती. गुडघ्यांचा त्यांना त्रास होता. ते खाली बसले की उठायला दोन माणसं लागत, म्हणून मी आणि काकूंनी त्यांना उठवलं. उठल्यावर त्यांनी मागं वळून रेघेकडे पाहिलं आणि मला म्हणाले, वर्षभरात हिच्यात राहायला शिकायचं. जे हिच्यात मावणार नाही, ते आपलं नाही.

काकूंबद्दल सांगायला पाहिजे. ठेंगणी, काटक बाई. मूल नव्हतं. घरात दोघं तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. काकू तर तेलुगूही कमीच बोलत. त्यांचा संसार दोन शब्दांवर चाललेला मी पाहिला. एक 'सरे', म्हणजे बरं, ठीक आहे. दुसरा 'वद्दु', म्हणजे नको. काका भाजी आणत, पिशवीत बघून काकू यातला एक शब्द म्हणत. रोज सकाळी सहाला त्या दारात पाणी शिंपून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत, त्याला त्यांच्याकडे मुग्गू म्हणतात. मी जिना उतरताना त्यांचा हात बघत असे. चिमटीतून पीठ एकसारखं पडायचं, कुठं जाड नाही, कुठं तुटलं नाही. मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं आहे. इतकी सरळ रेघ मला पट्टी लावूनही जमत नाही.

होडीबद्दल काकू काहीच बोलल्या नाहीत. सरेही नाही, वद्दुही नाही. काकांनी विचारलंही नाही, त्यांनी फक्त जाहीर केलं होतं.

त्या दिवसापासून काका कामावरून आले की रेघ ओलांडून आत जात, आणि सकाळपर्यंत बाहेर येत नसत. मोरीचा अपवाद होता, त्याला ते काठावर जाणं म्हणत. भिंतीच्या बाजूला दोन अरुंद खाटा होत्या, एक त्यांची, एक रिकामी. काकू रात्री नेहमीसारख्या आतल्या खोलीत झोपत. त्यांनी त्या रेघेच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. चहा द्यायचा झाला तर रेघेशी उभ्या राहून हात लांब करत, आणि काका आतून हात लांब करत. मधे कप हिंदकळायचा. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस एकदा सरळ रेघेतून चालत गेला, तेव्हा काकांनी त्याला बजावलं, "पाय भिजले की रे तुझे." तो बिचारा खरंच खाली बघायला लागला.

आलेल्या पाहुण्यांना रेघेबाहेर खुर्ची मिळे. मला आत जायची परवानगी होती, कारण मी, त्यांच्या मते, शिकाऊ खलाशी होतो. आत बसून आम्ही टॉवेलाच्या गप्पा मारत असू. मला ते हळूहळू आवडायला लागलं होतं, हेही सांगून टाकतो.

सामान कमी करण्याचं काम चालूच होतं. काकांनी तीन कपाटं दिली, वडिलांचा पलंग दिला, लग्नातली पितळी भांडी मात्र काकूंनी मधे उभं राहून वाचवली. 'वद्दु' हा शब्द त्या दिवशी मी सात-आठ वेळा ऐकला. दोन निळे ड्रम मात्र काकांनी खडूच्या होडीत स्वतः आणून ठेवले, पाणी साठवायला. मी म्हणालो, काका, खाली धरण आहे, वर ड्रम कशाला? ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, पाण्याचा भरवसा नसतो. सोलापूरचा माणूस समुद्रात बुडाला तरी आधी बादली भरून ठेवील. पुढे खऱ्या केबिनच्या खिडक्यांनाही त्यांनी लोखंडी ग्रिल बसवून घेतलं. धरणाच्या मधोमध कोण चोर येणार होता कोण जाणे.

होडी काढल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक गंमत झाली. दुपारी अचानक पाणी आलं, घरात कुणी नव्हतं, नळ उघडा राहिलेला. हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी झालं. संध्याकाळी आम्ही आलो तोवर काकूंनी ते सगळं खराट्यानं बाहेर काढलं होतं. काका होडीचं काय झालं या काळजीनं आत धावले, पण ओल्या, काळवंडलेल्या फरशीवर तेव्हा काही दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारून दाखवलं. रेघ जशीच्या तशी होती, उलट जास्तच ठसठशीत. काकांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, याला म्हणतात खडू. कारखान्यात जो भेटेल त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली.

त्यानंतर घरात मुंग्या झाल्या. होडीच्या कडेनं त्यांची रांग लागायची. काकांना त्यांचा भारी राग. खडूत मेण असतं, मेणाला त्या येतात, असं त्यांनी निदान केलं. दर महिन्याच्या एक तारखेला ते टेप घेऊन भिंतीच्या कडेनं टोकापासून टोकापर्यंत होडी मोजत आणि वहीत लिहीत: तेवीस फूट, आट शून्य. टेपचं दुसरं टोक मी धरायचो. अकरा नोंदी झाल्या. अकराही वेळा आट शून्य.

निवृत्ती जवळ आली. एका संध्याकाळी आम्ही आत बसलो होतो. काकू स्वयंपाकघरात होत्या. ते रिकाम्या खाटेकडे बघत हळूच म्हणाले, "ती एकदाही आत आली नाही बघ. ती नाही आली तर मी तिकडं जाऊन काय करू? एकट्यानं पाण्यात राहायला मी काय मासा हाय का?"

विचारा की मग, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. विचारलं आणि नको म्हणाली तर? चाळीस वर्षांत तिचा 'वद्दु' कधी परत फिरलेला नव्हता. त्यापेक्षा केबिन बांधून होऊ दे, एकदा डोळ्यांनी बघितली की येईल. उभ्यात बघायचं, असं ते पुटपुटले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मला त्यांची त्या दिवशी कीव आली. एका बायकोला एक प्रश्न विचारायला घाबरून या माणसानं अख्खी बोट विकत घेतली होती.

म्हणून मीच एकदा जिन्यात काकूंना विचारलं, तुम्ही जाणार का काकांबरोबर? त्यांच्या हातात पिठाची वाटी होती. "आदी होडी तर होऊ दे की," त्या म्हणाल्या, "होडी पुरी व्हायच्या आदी कोण बसतंय?" मला ते नाहीच वाटलं. मी काकांना सांगितलं नाही.

केबिन बांधायला मी माझ्या गावचा मिस्त्री दिला. चौकटी-दारांचं काम करणारा चांगला सुतार, पण पाण्यातलं काम त्यानं कधी केलं नव्हतं. तरी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. तो म्हणाला, "काका, लाकूड फुगतंय बरं का. दाराला बोटभर फट ऱ्हाऊ द्या." काका हसले. तीस वर्षं वस्तू पाण्यात घालून मोजणाऱ्या माणसाला हा शिकवत होता. त्यांनी खात्यात रीतसर चाचणी केली. फळीचा एक तुकडा घेतला, दोन खुणा केल्या, तीन दिवस बादलीत बुडवून ठेवला आणि मोजला. काहीही फरक नाही. लाकूड पाण्यात फुगतही नाही, आटतही नाही, असा निकाल त्यांनी वहीत लिहिला. टेप मीच धरला होता. अर्थातच उभ्यात.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, फुगतं ते रुंदीत, हे मिस्त्रीला शब्दांत सांगता आलं नाही आणि आम्हाला बघता आलं नाही. मिस्त्रीनं दार काकांच्या सांगण्यावरून चौकटीत असं घट्ट बसवलं की कागद जाणार नाही.

लॉन्चवर केबिन चढली, तीन आठवडे ती पाण्यात उभी राहिली, पाऊसही बऱ्यापैकी झाला. मग काका काकूंना दाखवायला घेऊन गेले. निवृत्तीला चार दिवस झाले होते. जीपमध्ये पुढं काका, मागं काकू, मी आणि मिस्त्री. काकूंनी नारळ, हळदकुंकू आणि एका डबीत तांदळाचं पीठ घेतलं होतं. ते पीठ बघून मला बरं वाटलं. नव्या जागेच्या दारात मुग्गू काढायची तयारी होती, म्हणजे बाईचं मन थोडं वळलं असावं. वाटेत टेंभुर्णीला त्यांनी स्वतःहून चहा प्यायला लावला, हेही नवलच होतं.

मिस्त्री काठावर बिडी ओढत थांबला. आम्ही तिघं फळीवरून लॉन्चवर गेलो. काकूंनी नारळ फोडला, उंबरठ्याला कुंकू लावलं. दार अर्धं उघडं होतं. आम्ही आत गेलो आणि काकांनी, किती नेमकं बसतं ते दाखवायला, खांदा लावून दार आतून लोटून बसवलं. फटही दिसत नव्हती. बघा, म्हणाले. आम्ही बघितलं. मग ते उघडायला गेले आणि ते उघडेना.

मी ओढलं, काकांनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. मूठ हातात आली. खिडक्यांना ग्रिल होतं. मी ग्रिलला तोंड लावून मिस्त्रीला हाका मारल्या. त्यानं काठावरूनच विचारलं, दार फुगलं का? व्हय, मी म्हणालो. "सांगितलं व्हतं की," एवढं म्हणून तो रंधा आणायला जीपकडे गेला. जीप चहा प्यायला परत फाट्यावर गेलेली होती. पुढचे दोन तास आम्ही आठ फुटांच्या केबिनमध्ये होतो.

काकू एका ड्रमच्या झाकणावर बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या इकडून तिकडे बघत होत्या, दारापासून ड्रमपर्यंत, ड्रमपासून खाटेपर्यंत. मग त्यांनी काकांना विचारलं, मराठीत, बहुतेक माझ्या देखत म्हणून.

"ही आडवी किती हाय?"

"आठ," काका म्हणाले.

"घरी जास्त होती."

"घरीपण आठच हाय. कागदावर आठ, खडूत आठ, हितं आठ." मुठीचा तुकडा अजून त्यांच्या हातात होता.

काकूंनी पिठाची डबी उघडली होती, ती पुन्हा लावली. दार शेवटी मिस्त्रीनं बाहेरून तासून काढलं. उजेड आत आला तेव्हा त्या उठल्या, पदर सारखा केला आणि फळीकडे जाता जाता म्हणाल्या, "वद्दु."

परतीच्या वाटेवर मला वाटलं, कोंडून पडल्यामुळे बाई घाबरली. मिस्त्रीला वाटलं, दारामुळे. काका तिसऱ्या दिवशी एकटेच गेले आणि लॉन्च ज्याच्याकडून घेतली होती त्यालाच केबिनसकट देऊन आले. शब्द दिला, कागद केला, मिटलं. दिलेला माल ते परत मागत नसत, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. बादली आणि ओलं फडकं तयार होतं. होडी पुसायची होती. पण पुसण्याआधी वहीत शेवटची नोंद व्हावी, असं त्यांचं म्हणणं. काम अर्धं टाकून द्यायची त्यांना सवय नव्हती. मी टेप धरला. तेवीस फूट. आट शून्य. त्यांनी लिहिलं.

टेप माझ्या हातातच होता. का कुणास ठाऊक, काकूंचं ते 'घरी जास्त होती' मला आठवलं आणि मी टेप भिंतीपासून स्वयंपाकघराच्या बाजूला धरला. आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"काका, नऊ फूट नऊ इंच."

"आठ," ते वहीतून मान वर न करता म्हणाले.

"नऊ फूट नऊ इंच," मी म्हणालो. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतला आणि, गुडघ्यांची पर्वा न करता, खाली बसले. टेपवर अंगठा ठेवून ते तसेच राहिले.

"त्याचं बरोबर हाय," काकू म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "खडू तर तवाच खराट्याखाली गेला, पाणी आलं त्या दिवशी. रोज सकाळी तुमी उठायच्या आदी मी काढते. पिठानं."

काकांनी रेघेवर बोट टेकवलं आणि ते जिभेला लावलं. मग मुंग्यांकडे बघितलं.

"ड्रमला जागा, खाटंला जागा. माझी शेगडी कुटं ठेवायची?" काकू तशाच सावकाश बोलत होत्या. "म्हणून रोज चिमूटभर इकडं सरकवली. तुमी दर महिन्याला मोजताय की. मला वाटलं, बघितलं असंल. मिस्त्रीला सांगितलं असंल. तितं गेलो तर आठच. म्हटलं, यांनी मोजलं, कळलं, आणि तरी आठच ठेवली."

आयुष्यात मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. अकरा महिने ती बाई रोज सकाळी वाकून त्या होडीत स्वतःपुरती जागा करत होती, आणि आम्ही दोघं मोजमापातले जाणकार तिच्या शेजारी टेप धरून उभे होतो. मला लाज वाटली. ती अजूनही वाटते.

"मी उभ्यात मोजत होतो," काका म्हणाले. "आणि आता ती दिली मी. सकाळीच दिली."

"म्हाईत हाय," काकू म्हणाल्या.

त्यांनी साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर जराशा उचलल्या, पाण्यात पाय घालताना उचलतात तशा, आणि रेघ ओलांडून आत आल्या. रिकाम्या खाटेवर बसल्या. हातानं खाट दाबून बघितली. "सरे," म्हणाल्या. काकांना उठवायला मी पुढं झालो, पण त्यांनी मला हातानं थांबवलं. बादली आणि फडकं मी मोरीत नेऊन ठेवलं आणि वर निघून गेलो. सतराव्या पायरीवर चौकट डोक्याला लागली.

पुढे मला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि मी ती खोली सोडली. निघताना खाली गेलो, तर ती दोघं होडीत बसून शेंगा फोडत होती. मला रेघेबाहेर खुर्ची मिळाली.

अजून महिन्या-दोन महिन्यांनी काकांचा फोन येतो. परवाही आला होता. पाणी पाच दिवसांआडच येतं. मुंग्यांचं आता ते काही म्हणत नाहीत. मोठ्या अभिमानानं त्यांनी सांगितलं की एक तारखेला मोजलं, होडी बारा फुटांवर गेली आहे आणि स्वयंपाकघर आत आलं आहे.

"आणि उभ्यात किती?" मी विचारलं.

"उभ्यात कोण बघतंय," काका म्हणाले.